नीस ते फ्लॉरेन्स, समुद्राच्या कडेकडेनं: कोल्हापूरकरांसाठी प्रवासाची आखणी

गणपती विसर्जन झालं की निघायचं आणि घटस्थापनेच्या आत घरी पोचायचं. भूमध्य समुद्राचा हा किनारा बघायला कोल्हापूरच्या माणसाला वर्षात यापेक्षा सोयीचे पंधरा दिवस नाहीत. पितृपंधरवड्यात लग्नं नसतात, बारशी नसतात, पाहुण्यांची ये-जा नसते. तिकडं ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते, शाळा सुरू झालेल्या असतात आणि उन्हाळाभर तापलेलं समुद्राचं पाणी अजून कोमट असतं. 2024 साली अनंत चतुर्दशी 17 सप्टेंबरला होती आणि घट बसले 3 ऑक्टोबरला. त्या मधल्या दिवसांत मी, आमचे हे आणि माझी धाकटी जाऊ असे तिघं फ्रान्समधल्या नीसपासून इटलीतल्या फ्लॉरेन्सपर्यंत रेल्वेनं गेलो.

मी 31 वर्षं हायस्कूलला भूगोल शिकवला. 'भूमध्य सागरी हवामान: कोरडा उन्हाळा, पावसाळी हिवाळा, ऑलिव्ह, द्राक्षं, लिंबूवर्गीय फळं' हे वाक्य फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं. ते डोळ्यांनी बघितलं तेव्हा साठी उलटली होती. परत आल्यापासून मंगळवार पेठेतले शेजारी, जुने विद्यार्थी, भिशीतल्या बायका सगळे तेच विचारतात: कसं गेलात, कुठं राहिलात, काय बघायचं, काय सोडायचं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातून आलंय. 2017 साली आम्ही एका टूर कंपनीच्या बसनं युरोपला गेलो होतो. कार्यक्रमात 'फ्रेंच रिव्हिएरा' असं ठळक छापलं होतं. प्रत्यक्षात नीसच्या समुद्राकाठी 40 मिनिटं उतरवलं, मोनॅकोत कॅसिनोसमोर फोटो काढायला लावले आणि बस पुढं गेली. लिंबांचं गाव बघायचं राहिलं, जुन्या गावाच्या गल्ल्या राहिल्या, पाण्यात पायसुद्धा बुडवता आले नाहीत. त्या बसमध्ये मी ठरवलं की इथं परत यायचं आणि आपल्या पायांनी यायचं.

बसनं हा किनारा कळत नाही, त्याला भूगोलाचं कारण आहे. आपण गगनबावड्याचा घाट उतरलो की समुद्र लगेच लागत नाही. मध्ये कोकणपट्टी आहे, मालवण गाठायला आणखी पुष्कळ जावं लागतं. नीसच्या पुढं ती पट्टीच नाही. आल्प्सचे डोंगर आणि पुढं इटलीत अॅपेनाइन्सचे डोंगर थेट समुद्रात उतरलेत. समजा सह्याद्रीचा कडा अरबी समुद्रात पाय सोडून बसलाय, तसं. त्यामुळं गावं उतारावर लटकलेली, शेतं पायऱ्यापायऱ्यांची, गल्ल्या म्हणजे जिने. मोठे रस्ते वरून जातात. रेल्वे मात्र खालून, पाण्याला चिकटून, बोगद्यातून आत-बाहेर करत धावते. म्हणून रेल्वे धरायची. नीसकडून पूर्वेला जाताना उजव्या हाताची खिडकी घ्यायची, समुद्र त्याच बाजूला असतो. हे एवढं एक जरी लक्षात ठेवलंत तरी माझं लिहिणं कामी आलं.

रात्री मोजा, मग व्हिसा

आमचा हिशेब असा: नीसला 5 रात्री, जेनोव्हाला 2, लेव्हांतोला 3, फ्लॉरेन्सला 2. मुक्काम चारच. रोज बॅगा भरायच्या नाहीत. एका गावात राहायचं आणि तिथून लोकलनं आजूबाजूला हिंडून संध्याकाळी परत यायचं.

शेंगेन व्हिसा एकच, तो फ्रान्सला चालतो आणि इटलीलाही. पण अर्ज कुठल्या देशाकडं करायचा ते रात्री मोजून ठरतं. ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडं अर्ज. दोन्हीकडं सारखे दिवस असतील तर जिथं आधी पाऊल टाकणार त्या देशाकडं. आम्ही नीसला उतरणार होतो म्हणून आधी फ्रान्सचे कागद गोळा करत बसलो. मग भाच्यानं रात्री मोजून दाखवल्या: फ्रान्स 5, इटली 7. अर्ज इटलीकडं केला. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून देता येतो. उशिरात उशिरा 15 दिवस आधी, पण तेवढं ताणू नका. आम्ही जूनमध्येच दिला. फी मोठ्या माणसाला 90 युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबई गाठली आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीनं परत आलो. मोनॅको वेगळा देश असला तरी तिथं जायला वेगळा व्हिसा नाही आणि वाटेत कुणी पासपोर्टही मागत नाही. तरी पासपोर्ट जवळ असू द्या.

विमानाचं तिकीट काढताना जाताना नीस आणि येताना फ्लॉरेन्स असं काढा. परत नीसला यायचं म्हणजे दीड-दोन दिवस वाया. एकदा मध्ये विमान बदलावं लागतंच.

सामानाचं सांगते. चटणी, भडंग, मेतकूट, कोरडे लाडू जरूर न्या. पेढे, खवा, तूप, चीज आणि मांसाचा कुठलाही पदार्थ मात्र युरोपात बाहेरून न्यायला बंदी आहे. माझ्या जावेनं कुंदा भरला होता, तो मी निघताना काढून ठेवला. बॅग चाकांची असली तरी लहान घ्या. त्या गावांमध्ये चाकं चालत नाहीत, पायऱ्या असतात. आणि कोल्हापुरी चपला घरी ठेवा. मला स्वतःला त्यांचा अभिमान आहे, पण तिथले झिजून गुळगुळीत झालेले दगड आणि चामड्याचा तळ यांचं जमत नाही. रबरी तळाचे बूट हवेत.

नीस

विमानतळावरून गावात ट्राम येते, टॅक्सी करू नका. खोली रेल्वे स्टेशनच्या आसपास घ्या. तो भाग दिसायला साधा आहे, पण रोज गाडी पकडायची असते.

पहिल्या संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्यावर जा. प्रोमनाद देझांग्ले, म्हणजे इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता, साधारण 7 किलोमीटरचा. हिवाळ्यात इथं ऊन खायला येणाऱ्या इंग्रजांनी तो 1820 च्या दशकात पहिल्यांदा करवून घेतला, म्हणून ते नाव. निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात, त्यांत कुणीही बसावं. रंकाळ्यावर संध्याकाळी जसं सगळं गाव येतं तसं इथं येतं: म्हातारी जोडपी, पळणारी पोरं, कुत्री, सायकली.

वाळू शोधू नका. नीसला वाळू नाही, गोटे आहेत, करड्या रंगाचे, अंड्यासारखे गुळगुळीत. डोंगरातून धावत येणाऱ्या व्हार आणि पेयाँ या नद्यांनी ते आणून टाकलेत. उतार इतका तीव्र की दगडाची वाळू व्हायला वेळच मिळत नाही. अनवाणी चालता येत नाही, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या. आणि लाट मागं जाते तेव्हा जरा गप्प उभं राहा. सगळे गोटे एकमेकांवर घरंगळतात आणि सुपात हरभरे पाखडल्यासारखा आवाज येतो. मालवणच्या पुळणीवर हा आवाज कधीच येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुनं गाव. कूर सालेया नावाच्या लांबट चौकात फुलांचा आणि भाजीचा बाजार भरतो, फक्त सोमवारी तिथं जुन्या वस्तू मांडतात. भाजी बघायला गेलात तर सोमवार टाळा. नीस कायमचं फ्रान्सचं झालं ते 1860 मध्ये, त्याआधी बहुतेक काळ सव्हॉय-सार्डिनियाच्या राज्यात होतं. इटली एक करायला लढलेला गॅरिबाल्डी इथलाच, जन्म 1807. त्यामुळं गल्ल्यांचा रंग, खिडक्यांची झापं, जेवण सगळ्यात इटली आहे.

इथंच आम्ही सोक्का खाल्ला. लाकडाच्या भट्टीतून एक माणूस तांब्याची थाळी काढतो, परातीच्या दुप्पट मोठी. तीत पिवळं, पातळ काहीतरी पसरलेलं, कडेनं करपलेलं, मध्ये मऊ. उलथन्यानं तो ते खरवडून काढतो, वेडेवाकडे तुकडे कागदावर टाकतो आणि वरून भरपूर मिरी. जावेनं पहिला घास घेतला आणि माझा हात धरला, "अवो ताई, हे आपलं बेसनाचं धिरडं की!" खरंच तेच. हरभऱ्याच्या डाळीसारख्या चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल. कांदा नाही, हळद नाही, अंडं नाही. शाकाहारी माणसानं नीसला पहिल्यांदा हेच शोधावं आणि गरम असतानाच संपवावं. गार झालं की चिवट होतं. त्याच बाजारात भोपळ्याच्या जातीतल्या फुलांची भजीही मिळते.

सावध राहायचं ते मासळीबाबत. पिसालादिएर म्हणजे परतलेल्या कांद्याची पोळी, दिसायला शाकाहारी, पण तीत खारवलेले बारीक मासे असतात. पाँ बान्या नावाच्या भरल्या पावात टूना असतो. "सां व्हियांद, सां प्वासाँ", मांस नको, मासा नको, हे दोन शब्द पाठ करा. त्याआधीही एक शब्द: दुकानात पाय टाकताच "बाँझूर". नमस्कार न करता थेट वस्तू मागितली तर तिथं तो उद्धटपणा समजतात. आम्ही बाँझूर म्हणायला लागल्यापासून सगळ्यांची तोंडं बदलली. जेवणाची वेळही पाळा. दुपारी दोननंतर बऱ्याच स्वयंपाकघरांना सुट्टी, मग संध्याकाळी सातपर्यंत गरम जेवण मिळणं अवघड. पाणी मागताना "कराफ दो" म्हणा, नळाचं पिण्याचं पाणी फुकट आणून देतात.

किल्ल्याच्या टेकडीवर चढा, किंवा फुकटच्या लिफ्टनं जा. वर किल्ला नाही. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईनं 1706 मध्ये तो जमीनदोस्त केला. पण तिथून लाल कौलांचं जुनं गाव आणि अर्धगोल उपसागर असा एका नजरेत दिसतो की आमचे हे अर्धा तास बोलले नाहीत. दुपारी बाराला तोफ उडते. दचकू नका, रोज उडते.

चित्रांची आवड असेल तर शागाल या चित्रकाराचं संग्रहालय चुकवू नका, मंगळवारी बंद असतं. मोठमोठी निळी, तांबडी चित्रं, बायबलमधल्या कथांची. कथा माहीत नसली तरी रंग कळतो.

नीसहून रोज एक गाव

व्हिलफ्राँश नीसपासून गाडीनं दहा मिनिटांच्या आत. स्टेशनातून उतरलं की खाली समुद्र. इथं नीट बघा: घरांचे उंबरे पाण्यापासून काही पावलांवर आहेत. आपल्या कोकणात कुणी असं घर बांधेल का? भरतीला वाहून जाईल. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, कारण तो महासागराशी जोडलाय तो जिब्राल्टरच्या जेमतेम 14 किलोमीटर रुंदीच्या सामुद्रधुनीनं. हे मी वर्गात शिकवायचे, पण त्याचा अर्थ एवढा घरगुती आहे हे त्या उंबऱ्यांपाशी उभी राहिल्यावर कळलं. गावात घरांच्या पोटाखालून जाणारी एक झाकलेली गल्ली आहे, तेराव्या शतकातली, तिचं नावच अंधारी गल्ली. भर दुपारी तिच्यात गारवा असतो.

एझ हे गाव समुद्रापासून 400 मीटरहून उंच सुळक्यावर आहे. खालच्या स्टेशनपासून वर पायवाट जाते. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे नीसला राहत असताना ती चढायचा, म्हणून तिला त्याचं नाव. पन्हाळा, जोतिबा चढणाऱ्याला ती जमेल, तासाभराहून थोडी जास्त. सकाळी लवकर निघा, वाटेत सावली कमी. आमच्या यांचे गुडघे दुखतात, ते नीसहून बसनं थेट वर आले आणि आमची वाट बघत बसले. माथ्यावर किल्ल्याच्या पडक्या भिंतींत निवडुंगांची बाग आहे. घायपात बघून मला बरं वाटलं. आपल्या बांधावर आणि इथल्या कड्यावर एकच झाड, आणि ते मूळचं दोघांचंही नाही. दोन्हीकडं अमेरिकेतून आलंय.

मोनॅकोला अर्धा दिवस पुरे. सारा देश दोन चौरस किलोमीटरच्या आसपास. 1910 साली उघडलेलं समुद्रशास्त्राचं संग्रहालय मात्र आत जाऊन बघा. कड्याच्या तोंडावर बांधलेली ती दगडी इमारतच बघण्यासारखी आहे. राजवाड्यासमोर 11.55 ला पहारा बदलतो. चढ-उतारासाठी जागोजागी सार्वजनिक लिफ्ट आहेत, त्या वापरा. बाकी गाड्या आणि दुकानं.

तो वेळ माँतोंला द्या. फ्रान्सचं हे शेवटचं गाव, पुढं इटली. मागच्या डोंगरांनी उत्तरेचा गार वारा अडवलाय, म्हणून इथं लिंबं पिकतात. फेब्रुवारीत लिंबांचा उत्सव असतो. आम्ही गेलो तेव्हा झाडांवर हिरवी फळं होती, बाजारात मुरांबे आणि लिंबाचं तेल. बंदराकडून जिने चढत चर्चपर्यंत जा. चर्चपुढचं अंगण काळ्या-पांढऱ्या गोट्यांच्या नक्षीचं आहे, रांगोळीसारखं. तिथल्या पायरीवर बसून आम्ही भडंग खाल्लं, आणि पूर्वेला दिसणारा डोंगर इटलीचा आहे हे यांनी दोनदा सांगितलं.

या लोकलमध्ये पाकिटमार आहेत, हेही सांगते. पैसे, पासपोर्ट कपड्याच्या आत. गर्दीच्या डब्यात दाराशी उभं राहू नका.

इटलीत शिरताना

व्हेंतिमिल्याला गाडी बदलायची. शुक्रवारी तिथं मोठा बाजार भरतो आणि फ्रान्सकडून माणसं खचाखच येतात, म्हणून सामान घेऊन शुक्रवारी जाऊ नका. इटलीतलं लोकलचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. नाही छापलं तर तिकीट असूनही दंड. आणि रेल्वेचा संप, त्यांच्या भाषेत शोपेरो, अधूनमधून होतो. आधी जाहीर होतो. अशा दिवशीही कामाच्या वारी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरावीक लोकल सुटतात. आदल्या रात्री बघून ठेवा.

जेनोव्हाला लोक थांबत नाहीत. मला ते पटत नाही. हे मोठं, धूर-घामाचं, खरं बंदर आहे. कोलंबस इथला. जीन्स हा शब्द या गावाच्या फ्रेंच नावावरून आला. जुन्या भागातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागावेत, आणि वर सहा-सात मजली घरं, मध्ये वाळत घातलेले कपडे. त्याच गल्लीतून वळलं की श्रीमंत व्यापाऱ्यांच्या वाड्यांचा सरळ रस्ता. त्या वाड्यांना 2006 मध्ये युनेस्कोच्या यादीत घेतलं. कास्तेल्लेत्तो या उंचावरच्या भागाला जाणारी जुनी लिफ्ट आहे, ती संध्याकाळी घ्या. वरून स्लेटच्या पाट्यांची छपरं आणि दूरवर दीपस्तंभ दिसतो, 77 मीटर उंच, आताची बांधणी 1543 ची.

इथं धिरडं परत भेटलं. नाव बदललं, फारिनाता. पीठ तेच, भट्टी तीच. आणि पेस्तो. संगमरवरी खलात तुळशीच्या जातीचं बेझिल, लसूण, खडे मीठ, पाइनच्या बिया, किसलेलं चीज आणि तेल. लाकडी बत्त्यानं ठोकत नाहीत, गोल फिरवत चेचतात. पेस्तारे म्हणजे ठेचणं, त्यावरून पेस्तो. आपण ठेचतो तो ठेचा, ते ठेचतात तो पेस्तो. एका खानावळीच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी त्या बाईंचा हात बघत होते. त्यांनी मला आत बोलावून बत्ता हातात दिला. मी आपल्या सवयीनं जोरात ठोकला, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवून फिरवायला शिकवलं. पानं काळी पडू नयेत म्हणून हळू. हे पेस्तो तिथं बटाटा आणि शेंगांबरोबर शेवयांसारख्या पिळदार पास्त्यात कालवून देतात. भात-वरणाची आठवण काढणाऱ्या आमच्या यांनी दोन ताटं खाल्ली.

पाच गावं

चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच गावं: मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. त्या गावांत खोल्या महाग आणि जिने फार. अलीकडच्या लेव्हांतोत राहा. गाडीनं पहिलं गाव पाच-सात मिनिटांवर. दिवसभराचं कार्ड घेतलं की लोकल आणि डोंगरवाटा दोन्ही चालतात. सकाळी आठच्या आत पहिल्या गावात पोचा, अकरापासून बोटी आणि बसची माणसं येतात. दुपारी खोलीवर झोपा आणि पाचनंतर पुन्हा बाहेर पडा. कोर्निल्या तेवढं उंचावर आहे, स्टेशनपासून 380 च्या आसपास पायऱ्या, पण छोटी बसही आहे. रिओमाज्जोरे ते मानारोला ही कड्यातली सोपी वाट 2012 मध्ये दरड कोसळून बंद झाली होती, 2024 मध्ये उघडली. तिला वेळ ठरवून वेगळं तिकीट काढावं लागतं. डोंगरवाटांवर चपला, सँडल घालून जाऊ देत नाहीत.

फोटो सगळे रंगीत घरांचे काढतात. तुम्ही मागं वळून डोंगर बघा. माथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत आणि प्रत्येक पायरीला चुना-सिमेंट न लावता नुसत्या दगडावर दगड रचून घातलेली ताल. शेकडो वर्षं माणसांनी पाठीवरून दगड वाहून ही जमीन तयार केली. तरुण पोरं शहरात गेली, ताली ढासळल्या, आणि पडीक उतार पावसात सुटायला लागला. 25 ऑक्टोबर 2011 ला काही तासांच्या पावसात डोंगर खाली आला. व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोच्या गल्ल्या चिखलानं भरल्या, माणसं गेली. 2019 चा आपला महापूर ज्यांनी बघितलाय त्यांना चिखल उपसणं म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून इथं वाट सोडून तालीवर चढू नका, फोटोसाठी तर नकोच. एक दगड हलला की पुढच्या पावसात ती पायरी जाते.

शेवटचा मुक्काम

पाच गावांच्या पलीकडच्या ला स्पेत्सियाहून पिसा तासाभरावर. स्टेशनात सामान ठेवून मनोऱ्यापर्यंत चालत जाऊन या; मग फ्लॉरेन्स आणखी तासभर. फ्लॉरेन्सला समुद्र नाही, तरी हा प्रवास तिथंच संपवा असं मी कोल्हापूरच्या प्रत्येक माणसाला सांगते.

आपले छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, युरोपचा प्रवास करून परत येताना 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय 20. त्या परक्या गावात हिंदू पद्धतीनं दहन करू द्यावं म्हणून परवानगी मिळवली आणि आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर रात्री त्यांना अग्नी दिला. संगमच का, हे प्रयाग चिखली आणि नृसिंहवाडीच्या माणसाला कळतं. 1874 मध्ये तिथं छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेसही त्यांचाच. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, फेटा, दागिने, रंगीत. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला 'इंडियानो' म्हणतात आणि जवळच्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे.

जायचं कसं ते नीट सांगते, कारण वाटाड्याच्या पुस्तकांत हे क्वचितच असतं. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळून ट्राम घ्या आणि कास्चिने बागेच्या थांब्यावर उतरा. नदी डाव्या हाताला ठेवून बागेतून सरळ पश्चिमेला चालत राहा. बाग तीन किलोमीटरहून लांब आहे आणि छत्री अगदी शेवटच्या टोकाला. आम्हाला पाऊण तास लागला. वाटेत दुकान नाही, पाण्याची बाटली घ्या. फुलं स्टेशनजवळच घ्या.

आम्ही पोचलो तेव्हा कुंपणापाशी एक आजोबा कुत्र्याला घेऊन बसले होते. यांनी बूट काढले. जावेनं पिशवीतून अंबाबाईच्या देवळातलं कुंकू काढलं, मी पांढरी फुलं ठेवली. पंधरवड्याचे दिवस होते. यांनी हात जोडून नाव घेतलं, मोठ्यानं. आजोबांनी टोपी काढली, का ते त्यांना आम्ही सांगितलं नव्हतं.

संगमापर्यंत खाली जा, पाणी संथ आहे. पण परतीचा पाऊण तास हिशेबात धरून उजेड असेपर्यंत निघा; त्या टोकाला संध्याकाळनंतर वर्दळ नसते.